दोन हजार पाचशे विसावा धागा

फार फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक म्हातारा विणकर राहायचा. हाताने कसबी आणि डोक्याने हट्टी. गावदेवीचं लुगडं दरवर्षी त्याच्याच मागावर विणलं जाई.

त्या लुगड्याला उभे धागे दोन हजार पाचशे वीस. वाडवडिलांनी हा आकडा उगाच नव्हता निवडला. दोन-दोन धाग्यांचे पट्टे घ्या, सात-सातांचे घ्या नाहीतर दहा-दहांचे, शेवटचा पट्टा पुरा भरायचाच. मोठा दिलदार आकडा हो! दोनापासून दहापर्यंत कुणीही दारात यावं, सगळ्यांना सारखं वाटून हा मोकळा. आणि रीत अशी, की शेवटचा धागा घरच्या लेकीने ओवायचा.

विणकराची लेक एकच, गोदा. तिने पलीकडच्या काठावरच्या रंगाऱ्याशी आपल्या मनाने लग्न केलं. माझ्या मागाला पुन्हा हात लावायचा नाही, असं बाप रागाच्या भरात बोलून गेला. त्याला तीन वर्षं झाली. म्हाताऱ्याने तो धागा स्वतःच ओवला असता तर कोण बघायला येणार होतं? पण नाही. लेक तोडेल, रीत मोडणार नाही, असलं ते डोकं.

तेव्हापासून धागे दोन हजार पाचशे एकोणीस. तिनांचे पट्टे घेतले, एक धागा कमी. पाचांचे घेतले, एक कमी. आठांचे, नवांचे, दहांचे, काहीही घ्या, शेवटी एकच कमी. लुगड्याच्या काठाशी एका धाग्याची फट राही. विणताना म्हाताऱ्याची नजर तिथे जाई आणि जीव तुटे. पण तोंडाने कबूल करेल तर शपथ.

यंदा पंचांनी बजावलं, की देवीला अपुरं लुगडं चालणार नाही; पट्टे पुरे भरले नाहीत तर काम दुसऱ्या गावाला जाईल. म्हातारा आठ दिवस अंगणात खडे मांडत बसला. नवव्या दिवशी बायकोला म्हणाला, "जुळलं. अकरा-अकरांचे दोनशे एकोणतीस पट्टे. एकही धागा कमी नाही. बघ, कुणावाचून काही अडत नाही."

म्हातारी सुताच्या कांड्या भरत होती. तिचा हात थांबला.

"जुळलं खरं," ती म्हणाली. "इतके दिवस तिची जागा तरी रिकामी होती. आता तीही उरली नाही."

त्या फटीकडे बघत बघतच आपण तीन वर्षं काढली, हे म्हाताऱ्याला आत्ता कळलं. खडे तसेच टाकून तो उठला आणि नावेत जाऊन बसला.

गोदा दारात सूत वाळत घालत होती, हात कोपरापर्यंत निळे. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य म्हाताऱ्याला आठवेना.

"पोरी, एक धागा कमी पडतोय," एवढंच तो म्हणाला.

तिने पदराला हात पुसले आणि बापाच्या आधी नावेत जाऊन बसली.

घरी येऊन तिने धागा ओवला. काठाशी निळ्या बोटाचा डाग पडला, तो कुणी धुतला नाही. मग तिने विचारलं, "आबा, यंदा पट्टे कितीचे?"

"घे तुला हवे तितक्यांचे," म्हातारा म्हणाला. "आता सगळे बसतात."

तात्पर्य एवढंच: ज्याच्यावाचून जीव अडतो, त्याच्यावाचून भागवायची युक्ती शोधत बसू नये, उठून त्याला हाक मारावी.