कुशीवर झोपणारं आसन

एका राज्यात वेत्रवती नावाची तरुण राणी होती, आणि सात दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिची चार वर्षांची लेक पिंगला चकार शब्द बोलत नव्हती. राणीने बालसंगोपनाच्या अकरा पोथ्या वाचल्या होत्या. उपाय बाराव्या पोथीत असणार, अशी तिची खात्री होती.

सात दिवसांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्याहून गलबत आलं होतं. त्यातल्या तीन वस्तू राणीने हौसेने लेकीच्या महालात मांडल्या: रंगीत तारांची नव्या घडणीची टोपली, पट्ट्या जोडून विणलेलं जुनं वस्त्र आणि एकाच खोडातून कोरलेलं, होडीसारखं वाकलेलं आसन. वस्त्र काचेआड आणि आसन मखमल अंथरून मांडून झाल्यावर ती म्हणाली, "हात लावायचा नाही हं!" त्या क्षणी पिंगलाची वाचा गेली.

राजमांत्रिक म्हणाला, "वस्तू शापित आहेत. आज सूर्यास्ताआधी जाळा, नाहीतर वाचा कायमची गेली."

चौकात लाकडं रचली गेली. तेव्हा त्याच गलबतातून आलेला, लाल शेपटीचा राखी पोपट बोलला, "राणीसाहेब, वस्तूंबरोबर वाचाही जळेल. आमच्याकडे या नुसत्या बघायला नसतात. तिन्ही वापरा. स्वतःच्या हातांनी."

"आणि तुझंच चुकत असेल तर?"

"अकरा पोथ्यांचं चुकलंच की!"

राणीने टोपलीत फुटाणे ओतले. पिंगलाने मूठ भरली, तिचे ओठ हलले. राणीने काचेआडचं वस्त्र काढून लेकीला पाठीशी बांधलं. पाठीवर हुंकार उमटला. उरलं आसन.

"त्यावर कुणीतरी बसलंय," पोपट म्हणाला. "रिकामं आसन उभं दिसलं की भटका आत्मा येऊन टेकतो. म्हणून आमच्या गावी उठल्यावर ते कुशीवर कलतं करतात. तुम्ही तर मखमल अंथरून ठेवलंत! बसून उठवा त्याला."

"बसाल तर लाकूड व्हाल!" मांत्रिक ओरडला.

राणी बसली. पावलं लाकडाची झाली, मग घोटे, मग गुडघे. एरवी तिने पोथी चाळली असती. आज ती थेट बोलली.

"पाहुणे, उठा. ही माझ्या लेकीची जागा आहे. तिचं जे घेतलंत, ते ठेवून जा."

"सात दिवसांत कुणी 'बसा' म्हटलं नाही, की 'उठा' म्हटलं नाही," हवेतून म्हातारा आवाज आला. "येतो, बाई."

राणीचे गुडघे हाडामांसाचे झाले. ती उठली आणि तिने आसन कुशीवर कलतं केलं. सूर्य मावळला. चौकातली लाकडं मुदपाकखान्यात गेली.

पिंगला पाठीवरून उतरली, आसनापाशी बसली आणि त्याला थोपटू लागली. राणीने तिला अडवलं नाही.

"आई," पिंगला म्हणाली, "हे झोपलं. आता तू पण झोप."