चाकांचं ऐकणारी हौसाक्का

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. आपल्या पणजोबांना विचारलं असतं तर तेही डोकं खाजवून एवढंच म्हणाले असते की, फार वर्षांपूर्वीची. तेव्हा हे गाव इथे नव्हतं. इथे नुसतं कमरेइतकं गवत होतं. गाव होतं तिकडे उगवतीला, दहा दिवसांच्या वाटेवर, पांढरखडीच्या माळावर.

पांढरखडीत एकवीस घरं होती. तिथे सलग तीन वर्षं पाऊस आला नाही. पहिल्या वर्षी ओढे आटले, दुसऱ्या वर्षी विहिरी आटल्या आणि तिसऱ्या वर्षी लोकांची भांडणंसुद्धा आटली, कारण भांडायलाही घशाला ओल लागते. अशात मावळतीकडून एक धनगर आला. तो म्हणाला, तिकडे डोंगर आहेत, डोंगरांच्या पोटात एक खोरं आहे, तिथे काळी जमीन आहे आणि माणूस कुणी नाही. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मेंढरांकडे पाहिलं. मेंढरं चांगली गुबगुबीत होती. पांढरखडीच्या लोकांनी धनगरापेक्षा त्या मेंढरांवर विश्वास ठेवला आणि चैत्र शुद्ध एकादशीला गाड्या जुंपायचं ठरवलं.

आता हौसाक्काकडे येऊ. हौसाक्का ही गावची सुतारीण. तिचा नवरा नागोजी सुतार ऐन उमेदीत गेला, तेव्हा तिने महिनाभर रडून घेतलं आणि मग त्याचा वाकस आणि पटाशी हातात धरली. तिने केलेलं पहिलं चाक लांबोडकं झालं, असं म्हणतात. ते तिने अंगणात उभं केलं, त्यावर दोडक्याचा वेल चढवला आणि दुसरं करायला घेतलं. त्यानंतर तिचं एकही चाक बिघडलं नाही. साठी उलटली तोवर गावच्या एकवीस गाड्यांची बेचाळीसच्या बेचाळीस चाकं तिच्या हातची झाली होती. तोंडात दात दोनच उरले होते, पण हसताना ती हात राखून हसत नसे.

आणि तिला चाकांचं ऐकू यायचं. म्हणजे ऐकू तुम्हा-आम्हालाही येतं, पण तिला कळायचं. चाक कुरकुरलं तर त्याला वंगण हवं. खटखटलं तर आरा ढिला झाला. आणि बारीक किणकिणलं तर समजायचं, लाकूड वाळून आक्रसलंय आणि वरची लोखंडी धाव सुटायला आली आहे. अशा चाकाला पाण्यात घालायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि धाव पुन्हा घट्ट धरून बसतं.

गावाने तीन वर्षं अर्धपोटी काढली, पण बियाण्याच्या ज्वारीला कुणी हात लावला नव्हता. ही ज्वारी घराघरात ठेवली तर एखाद्या दिवशी पोरांचं रडणं ऐकवणार नाही आणि कुणी आई ती जात्यात घालेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून एकवीस घरांची एकवीस पोती एकाच गाडीत भरायची आणि ती गाडी स्वतः पाटलांनी हाकायची, असं ठरलं. बयाजी पाटील हा काळजीने वाळलेला माणूस. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "आक्का, वाटंत चाक मोडलं तर?"

"चाक माझ्या हातचं हाय, पाटील. बियाणं पोचवायची जबाबदारी बी माझीच."

"आवं, पर मोडलंच तर?"

"तर खांद्यावर घालून न्हेते. काढा बैल."

लोक हसले, पण हौसाक्काला त्या रात्री झोप लागली नाही. बोलून तर गेली होती. बियाणं गेलं तर खोऱ्यातली काळी जमीन घेऊन करायचं काय, गवत खायचं? गावाचं पुढचं सगळं जगणं आपल्या दोन चाकांवर ठेवलंय, हे तिला पुरतं कळत होतं.

निघताना पुढच्या जागेसाठी ओढाओढ झाली, कारण पुढच्या गाडीला धूळ लागत नाही. हौसाक्काने आपण होऊन सगळ्यांत मागची जागा घेतली. बायका म्हणाल्या, म्हातारी किती गरीब स्वभावाची. गरीब कसली! तिला सगळी चाकं ऐकायची होती, आणि पुढे बसून मागचं नीट ऐकू येत नाही. वीस गाड्यांची धूळ खात ती ऐकत बसायची आणि मधूनच ओरडायची, "सातव्या गाडीचं डावं चाक तानलंय रं!" तानलंय म्हणजे तहानलंय. लोक थांबून बघत, तर खरंच सातव्या गाडीच्या डाव्या चाकाचा आरा हलत असायचा. असं म्हणतात की, चौथ्या दिवसापासून लोकांनी तपासून बघणंच सोडलं. ती म्हणेल ते चाक सरळ काढत.

रोज पाण्यावर मुक्काम पडला की आधी माणसं पीत, मग बैल पीत आणि मग हौसाक्का चाकांना पाणी पाजायला लावी. सातव्या दिवशी मात्र पाणी लागलं ते एका वाळूतल्या झऱ्याचं. माणशी एक तांब्या मिळाला, बैलांना अर्धी घागर. हौसाक्काने आपला तांब्या उचलला, बियाण्याच्या गाडीच्या चाकांना ओलं पोतं गुंडाळलं आणि तांब्या त्यावर रिकामा केला.

पाटील कावला. "माणसांच्या जिभा टाळूला लागल्या, आन तुमी लाकडाला पाणी पाजताय?"

"माणूस तान लागली की बोंबलतंय," हौसाक्का म्हणाली. "बैल हंबरतोय. चाक बिचारं गुमान चालतंय, आन येक दिवस बसतंय. त्याची तान कुनी बघायची?"

थोड्या वेळाने पाटलाने आपल्या तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्यापुढे धरलं आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. ती ते प्याली.

दहाव्या दिवशी सकाळी समोर डोंगर दिसले. नुसते दिसले नाहीत, हिरवे दिसले. तीन वर्षांत त्या लोकांनी एवढा हिरवा रंग लुगड्यातसुद्धा पाहिला नव्हता. कुणी रडलं, कुणी नाचलं. हौसाक्काने काय करावं? तिने गाडीच्या तळातलं गाठोडं सोडलं, त्यातून पोळ्याच्या घुंगुरमाळा काढल्या आणि आपल्या बैलांच्या गळ्यात बांधल्या. तिचं बघून विसाव्या गाडीने बांधल्या, मग एकोणिसाव्या, आणि बघता बघता बेचाळीस बैलांच्या गळ्यात घुंगरं वाजायला लागली. वाटेत एक डबकं लागलं. पाटलाने विचारलं, "आक्का, चाकं भिजवायची का?" आणि हौसाक्का, तीच हौसाक्का, म्हणाली, "आता कशाला? चला, खाली जाऊनच समदी मिळून पिऊ!"

साठी उलटलेली बाई आनंदाने येडी झाली होती, दुसरं काय! तिला हसू नका. आपणही झालो असतो.

खिंड लागली. आज आपण जिथून घाट उतरतो तीच ही खिंड. उजव्या अंगाला तुटलेली दरड, खाली खोल दरी, आणि वाट उताराची. एकेक गाडी उतरायला लागली. घुंगरांचा असा गजर की डोंगरातली पाखरं उठली. हौसाक्का ताल धरून मान हलवत होती. आणि मान हलवता हलवता थांबली. गेले दहा दिवस तिच्या कानात बेचाळीस चाकं होती. आज एकही नव्हतं. धाव सुटायला आली की चाक बारीक किणकिणतं, आणि आज सगळीकडे किणकिणच चालली होती.

तिने आपल्या बैलांच्या माळा ओढून काढल्या. पुढच्या वीस गाड्यांच्या वाजतच राहिल्या. ती ओरडली, "थांबवा रं!" पुढच्या गाडीवाल्याला वाटलं, म्हातारी खुशीत आली. त्यानेही आरोळी ठोकून साथ दिली.

तेव्हा हौसाक्का गाडी थांबवून खाली उतरली, वाटेवर पालथी पडली आणि तिने कान जमिनीला लावला. घुंगरं वाजतात वाऱ्यात, चाकं वाजतात मातीत. असं म्हणतात की, मातीतून तिला एकेक चाक वेगळं ऐकू आलं. एकतीस बरी होती. दहा तहानली होती, पण उतार उतरली असती. आणि एक, पाचव्या गाडीचं उजवं, म्हणजे दरडीकडचं, सुटलं होतं. पाचवी गाडी बियाण्याची.

हौसाक्का धावली. लुगड्याचा काचा मारून, अनवाणी, पंधरा गाड्यांच्या कडेने ती म्हातारी अशी धावली की बैल बुजले. ती पोचली त्याच क्षणी चाकावरची धाव निसटली आणि उड्या घेत दरडीखाली गेली. चाकाचे आरे फाकले. गाडी दरडीकडे कलली. पाटील बैलांच्या कासऱ्याला लोंबकळला, पण एकवीस पोत्यांचं वजन बैलांनाही ओढायला लागलं. हौसाक्का वाकली आणि मोडक्या चाकाच्या जागी, कण्याखाली, तिने आपला खांदा घातला.

गाडी थांबली.

गर्दी झाली. कुणी बैल धरले, कुणी पोती उतरवायला लागलं. एकेक पोतं, एकेक घर. किती वेळ लागला? कुणी म्हणतात घटकाभर, कुणी म्हणतात सूर्य कासराभर खाली गेला. आपण मधलं धरू. सगळे घामाघूम आणि पांढरेफटक पडले होते, आणि कण्याखालून हौसाक्काचा आवाज आला, "पाटील, जरा बिगीबिगी हात चालवा. नाकाला खाज सुटलीया." त्या दरडीच्या काठावर सगळं गाव पोट धरून हसलं, आणि हसता हसता उरलेली पोती खाली आली. ज्वारीचा एक दाणा सांडला नाही. ती उभी होती तिथे खडकात दोन पावलं उमटली आहेत. आजही पावसाचं पाणी त्यांत साचतं आणि चिमण्या ते पितात.

खांदा सोडवून ती बाहेर आली ती मात्र रडत आली. "पयलं घुंगरू मीच बांधलं," ती म्हणाली. "पानी बी मीच नको म्हनलं. समद्यांचं बियाणं घालवलं असतं मी."

पाटील म्हणाला, "मग काढून टाकू घुंगरं, कायमची. दरीत भिरकावू."

हौसाक्काने डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघितलं. "खुळं का काय, पाटील? दहा दिस धूळ खाल्ली ती कशापायी? खुशी बरीच हाय. फकस्त उतारावर नको. उतारावर गुमान ऐकायचं, आन खाली गेलं की वाजवायचं, हवं तेवढं."

मग सगळ्यांनी घुंगरं सोडली. एकेका घराने आपलं पोतं डोक्यावर घेतलं आणि लोक आणि गाड्या आवाज न करता खिंड उतरल्या. खाली आल्यावर निसटलेली धाव शोधायची होती, कारण लोखंड काही गवतात उगवत नाही. ती दूरवर सापडली. दरडीवरून घरंगळत, ओढा ओलांडत, एका सपाट जागी चक्कर खाऊन ती आडवी झाली होती. तिच्या आतलं गवत बाहेरच्यापेक्षा हिरवं होतं. हौसाक्काने तिथेही कान लावला आणि म्हणाली, "हितं खणा." कमरेएवढं खणलं आणि पाणी लागलं. असं म्हणतात की, पहिलं पाणी मोडलेल्या चाकाला पाजलं, आणि या वेळी कुणी कावलं नाही. तीच आपली पाटाखालची विहीर, आणि तिच्याभोवती वसलं ते हे गाव, हौसावाडी. पाटील लोकांना म्हणाला होता, गावाला माझं नाव द्या, असंही म्हणतात, पण ते हौसाक्काने त्याला चिडवायला उठवलं असावं.

आजही चैत्र वद्य पंचमीला हौसावाडीच्या गाड्या खिंडीच्या वर जातात आणि तिथून खाली येतात. बैलगाड्या आता चारच राहिल्या, बाकी ट्रॅक्टर आणि टेम्पो. खिंडीच्या तोंडाशी बैलांची घुंगरं सोडतात, ट्रॅक्टरांची गाणी बंद करतात, इंजिनं बंद करतात. सगळ्यांत मागच्या गाडीत गावातली वयाने सगळ्यांत मोठी बाई बसते. ती उतरते, वाटेवर पालथी पडते आणि कान जमिनीला लावते. तोवर कुणी बोलत नाही, तान्ह्या पोरांना पदराखाली घेतात. मग ती उठते आणि म्हणते, "चला, समदी चाकं बरी हायती." सगळे गुमान उतरतात. शेवटची गाडी सपाटीला लागली की मग घुंगरं, ढोल, गाणी, काय वाजवायचं ते वाजवतात, पार कान किटेपर्यंत.

मागे एका वर्षी परगावचा एक ट्रकवाला विटा भरून त्या गर्दीत अडकला. त्याने दोनदा हॉर्न दिला. एक बाई त्याच्या खिडकीशी गेली आणि हळूच म्हणाली, "दादा, इंजिन बंद करा. आक्का ऐकतीया." कोण आक्का आणि काय ऐकतीया, हे त्याला कळेना, पण एवढी माणसं गप्प उभी बघून त्याने किल्ली फिरवली. त्या वर्षी मान सुंदराबाईंचा होता, वय ब्याण्णव. त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि नेहमीचे शब्द बोलल्या नाहीत. ट्रककडे बोट करून म्हणाल्या, "लेकरा, तुझं मागलं डावं बघ." तो हसत उतरला. चाकाचे चार नट बोटांनी फिरवता येतील इतके ढिले होते.

हे मात्र असं म्हणतात म्हणून सांगण्यासारखं नाही, बघणारी माणसं गावात आहेत. तो ट्रकवाला आता दर पंचमीला येतो. ट्रक रिकामा असतो. खिंडीच्या तोंडाशी तो इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि म्हातारी उठेपर्यंत चपला काढून उभा राहतो.