पाळणटेंबाचा निखारा

रेवाला चौथं सरत आलं तरी एकही गोष्ट ती शेवटपर्यंत ऐकत नाही, या काळजीने आदल्या रात्री केतकीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आपलंच सांगणं रटाळ असावं, अशीही तिला शंका होती. आता लेकीचा हात घट्ट धरून ती पाळणटेंबावर उभी होती. समुद्रात घुसलेल्या या डोंगराच्या टोकावर काळ्या दगडांची एक मोठी चूल आहे आणि शेजारी खैराच्या ओंडक्यांची रास. सारा जन्म होडीवर काढलेले बाबलआजा सांगू लागले.

शिमगा नुकताच सरला होता, म्हणे. अवकाळी वादळ उठलं, आणि गावच्या साऱ्या होड्या दर्यात. खडक चुकवून खाडीत शिरायचं, तर टेंबावर जाळ हवा. पण गावाला खोड एकच: शिमग्यात ज्या वाडीची ज्वाळा उंच, तिचा मान मोठा. त्याच हौसेने लोकांनी घराघरांतली सावर-पांगाऱ्याची सुकी, हलकी लाकडं आणून रचली. भडका आभाळाला भिडला आणि बघता बघता राख होऊन उडाला. आंब्याची भिजलेली लाकडं नुसतीच धुमसली.

येसूचा नवरा त्याच होड्यांत होता. घरात कोरडं उरलेलं लाकूड एकच, बाळाचा पाळणा. तिच्या बापाने तो अस्सल खैराचा घडवला होता, इतका जड, की सासू म्हणायची, “पाळणा आणलास की नांगर?” येसूने बाळ सासूच्या हाती दिलं, पाळणा डोक्यावर घेतला आणि टेंब चढली. कुऱ्हाडीचा पहिला घाव तिनेच घातला, असे सांगतात.

खैर लवकर पेट धरेना. लोक कुरकुरले, याला ज्वाळाच नाही. येसू म्हणाली, “ज्वाळेला वारा विझवतो. निखाऱ्याला फुंकतो.”

आणि झालंही तसंच. वारा जसा पिसाळला, तसा निखारा लाललाल होत गेला. झुंजूमुंजू झालं तरी तो धगधगतच होता, आणि त्याच्या रोखाने एकूण एक होडी खाडीत शिरली. किनाऱ्यावर ढोल घुमले. नाखव्यांनी होडीचं शीड उतरवलं, त्याची झोळी बांधली आणि बाळाला तीत निजवलं. सासूने पहिला झोका दिला, म्हणे.

“आजही,” आजा म्हणाले, “बारशाला आमच्यात पाळणा नाही. आधी खैराचा ओंडका टेंबावर वाहायचा, मग बाळ शिडाच्या झोळीत.”

केतकीने भीत भीत खाली पाहिलं. हात कधीच सोडवून रेवा चुलीपाशी राख चिवडत बसली होती. म्हणजे हीदेखील गोष्ट वाया गेली.

रेवाने मान वर केली. “आई, मग बाळाला वाटलं असेल, बाबांनी मला पण होडीत घेतलं.”