समोरचं दुकान

"मग सांगा ना चाचा, आता तुमच्याकडे शिकायचं काय उरलंय?"

बोलून गेला आणि श्रीरंगनं जीभ चावली. मिरजेच्या इलाहीचाचांच्या स्टुडिओत तो फोटो छापायला शिकला. उद्या थेट त्यांच्याच समोर त्याचं स्वतःचं दुकान उघडायचं होतं. आला होता आशीर्वाद मागायला, पण अंगातली मिजास आडवी आली.

चाचा रागावले नाहीत.

"माझा एक फोटो छाप. तुझ्या दुकानात लाव."

श्रीरंगनं यंत्र सुरू केलं. कागद बाहेर आला तो नुसता पिवळा. पुन्हा आत गेला. शिकाऊ असताना असाच पिवळा कागद 'झाला, झाला' म्हणत ओढून त्यानं टपली खाल्ली होती. या यंत्रात शाई उडत नाही. आतल्या पातळ रंगीत फितीवरच्या रंगाची उष्णतेनं वाफ होते आणि ती कागदाच्या अंगात मुरते. दुसऱ्या खेपेला गुलाबी, तिसऱ्या खेपेला निळा. चाचा हुबेहूब उमटले. शेवटच्या खेपेला वर पारदर्शक थर बसला.

"छान आलाय," श्रीरंग म्हणाला.

"आता फीत काढ. उजेडात धर."

त्यानं धरली. तिन्ही रंगांच्या तुकड्यांवर चाचा होते, पण उलटे. पांढरी दाढी गडद. काळे डोळे फटफटीत... जिथला रंग कागदात गेला होता तिथं फितीवर काही राहिलं नव्हतं.

"पुन्हा चालेल ही?" चाचांनी विचारलं.

"नाही चाचा. एकदा गेला की गेला."

श्रीरंगनं मान वर करून पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आठवडाभर फारसं कुणी फिरकलंच नव्हतं, आणि उद्यापासून समोर नवी पाटी झळकणार होती. हे श्रीरंगला आजवर जाणवलंच नव्हतं.

"चाचा... मी नाही उघडत दुकान. इथंच राहतो. तुमच्या हाताखाली."

चाचांनी टेबलावरचा फोटो उचलून त्याच्या हातात कोंबला आणि त्याला खांद्याला धरून दाराबाहेर काढलं.

"खुळा का काय रे तू? कागदात मुरलेला रंग कधी फितीत परत गेलाय?"