'येते' न म्हणण्याचं तळं

धामणकोंडच्या तळ्यावरून घरी निघालेली बाई 'जाते' म्हणत नाही. ते तर आपण कुठेच म्हणत नाही. पण इथे 'येते'सुद्धा म्हणायचं नसतं. हंडा डोक्यावर घेऊन ती पाण्याकडे तोंड करते आणि काहीतरी भलतंच बरळते. "हसू नका, आणि पायरीवर उभं राहून बोलू तर मुळीच नका," असं म्हणत देवळाचे गुरव येसाजी पाहुण्यांना आधी चार पावलं मागे घेतात. मग सांगतात.

फार पूर्वी गावात आवडी नावाची सून होती म्हणे. पान पडलं तरी दचकणारी. पदरात दहा महिन्यांची लेक. एका दुपारी पाणी भरून निघताना ती सवयीने मैत्रिणींना म्हणाली, "येते गं." मैत्रिणी केव्हाच पुढे गेल्या होत्या. ऐकलं ते तळ्यातल्या आसरांनी. या पाण्यातल्या बायका. त्यांना बोलण्याची रीत कळत नाही, शब्द तेवढा कळतो, आणि कळलेला शब्द त्या सोडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आवडीने लेकीला काठावर बसवलं, हंडा बुडवला, तोच पाण्यातून आवाज आला, "येते म्हणालीस ना? मग ये."

"अगं बाई, मेले!"

"मेलीस? बरं झालं." तिचे घोटे पाण्यात ओढले गेले.

"नका गं, पाया पडते!"

"पड की. इथेच पड." गुडघे बुडाले.

"माझं लेकरू आहे हो! तिच्यावरून जीव ओवाळून टाकते, पण..."

"टाक." पाणी कमरेला लागलं.

आवडीने तोंड घट्ट मिटलं. बोलावं तर बुडावं, आणि आई वळेना म्हणून लेक रांगत पाण्याकडेच निघालेली! रांगता रांगता ती बोबडं बोलत होती, "अबलू गबलू तातिंगतूम."

आसरा थबकल्या. "म्हणजे काय गं?" एकीने दुसरीला विचारलं. धरायला अर्थच सापडेना, तशी त्यांची पकड सैल झाली. आवडीच्या ते ध्यानात आलं, आणि ती ओरडली,

"अबलू गबलू तातिंगतूम,
ताकाच्या शिंगाला लोण्याचं शेपूम!"

"ताकाला शिंग? डावीकडे असतं का गं?" पाण्यात भांडण लागलं. आवडी एक पाऊल मागे सरली.

"उंबरा शिंकला, पापड रुसला,
मुंगीच्या मिशीत डोंगर घुसला!"

आता आसरा खदखदून हसत होत्या, "अजून, अजून!" तेवढ्यात आवडीने पायरी गाठली आणि लेकीला उचललं.

पण तिसऱ्या दिवशी पाण्यातून पुन्हा 'ये' ऐकू आलं आणि ती तेच म्हणाली, तेव्हा आवाज आला, "ताकाचं शिंग आम्हाला ठाऊक झालंय," आणि घोट्यांना गार पाणी लागलं. दोनदा म्हटलं की कशालाही अर्थ येतो, असं सांगतात. पाणी तर रोज लागतं. म्हणून आवडी जन्मभर रोज नवं बरळत राहिली, आणि तिचं बघून सगळ्या.

आजही धामणकोंडात लेकरू बोबडं बोलू लागलं, की कुणी त्याचे शब्द सुधारत नाही. शेजारपाजारच्या बाया हातातली कामं टाकून कान देऊन बसतात. उद्या पाण्याला जायचं असतं.