झुंबर वायरमन आणि गाडी थांबवणारा डोळा

पिंपळढव गावात झुंबर नावाचा एक भोळा वायरमन होता. हाताला गुण होता. पण सांगितलं तेवढंच करायचा, आणि एकदा शिकला की तेच सगळीकडे करायचा. ‘मीटर वाचून ये’ म्हटलं, की मीटरसमोर उभा राहून मोठ्यानं वाचायचा आणि परत यायचा. किती झालं विचारलं तर म्हणायचा, “वाचलं की!”

त्याच गावात कुलथे मास्तर राहायचे. शाळामास्तर नव्हेत, स्टेशनमास्तर. ते रिटायर झाले आणि पाठोपाठ गावचा गाडीचा थांबाच बंद झाला. मास्तरांनी एकवीस अर्ज केले. एकवीस वेळा एकच उत्तर आलं, ‘सदर स्थानकावर प्रवासी आढळत नाहीत.’ आता गाडीच थांबत नाही, तर प्रवासी काय रुळावर आढळणार? मास्तरांच्या जिवाला ते फार लागलं. शेवटी त्यांनी पडवीत दोन बाजा जोडल्या, वर प्लायवूड टाकलं आणि खेळण्यातली गाडी मांडली. डोंगर, बोगदा आणि मधोमध पिंपळढव स्टेशन, पिवळ्या पाटीसकट.

“निदान इथं तरी गाडी थांबली पाहिजे,” मास्तर म्हणाले. “आणि हात न लावता, आपोआप.”

त्यासाठी त्यांनी शहरातून तीन सेन्सर आणले. सेन्सर म्हणजे हरभऱ्याएवढा डोळा. त्यातून न दिसणारा उजेड निघतो. वर गाडी आली, की तो तिच्या पोटाला लागून परत येतो. डोळ्याला कळतं, गाडी थांबते. दहा मोजले की पुन्हा सुटते.

मास्तरांनी झुंबरला बोलावलं. “रुळांच्या मधे भोकं पाड आणि डोळे बसव. एक बोगद्यात, एक स्टेशनात. नाजूक आहेत, जप.”

झुंबरनं डोळे बसवले. नाजूक म्हणून वर चिकटपट्टी लावली. गाडी आली आणि भुर्रकन गेली.

“अरे, झाकलेला डोळा बघणार कसा? त्याच्यावरचं झाकण काढ!”

“एवढंच ना? आता ध्यानात ठिवतो.”

झुंबरनं पट्ट्या काढल्या. मग बोगद्यातल्या डोळ्यावर अख्खा डोंगर दिसला. त्यानं डोंगरही काढला. पडवीत तिरपं ऊन यायचं, ते थेट डोळ्यात गेलं. गाडी वाटेल तिथं थांबायला लागली.

“उन्हात पण तसलाच उजेड असतो रे! डोळा गोंधळतो. त्याला सावली पाहिजे.”

“एवढंच ना? आता ध्यानात ठिवतो.”

दुसऱ्या दिवशी प्रत्येक डोळ्यावर बाहुलीची एकेक छत्री. गाडी जागची हलेना. डोळा छत्रीलाच गाडी समजून बसला होता. मास्तरांनी छत्र्या उपटल्या, डोंगर जागेवर ठेवला आणि पडवीला पोतं बांधलं. तरीही गाडी थांबेना.

मास्तरांनी इंजिन उलटं करून पाहिलं. “पोट काळं आहे. काळ्यावरून उजेड परत येत नाही. पांढरी पट्टी लाव.”

“एवढंच ना?”

इंजिनाला पट्टी लागली. संध्याकाळी मास्तरांची म्हैस पोटाला पांढरी पट्टी लावून घरी आली.

“ही पण काळीच हाय,” झुंबर म्हणाला. “चुकून रुळावर आली तर डोळ्याला कळाया नको?”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात गाडी स्टेशनात आली आणि थांबली! दहा मोजले, पण सुटेना. झुंबरनं ती खसकन ओढली. हातात गाडी आली आणि रूळही आले.

“ओढायचं नाही रे बाबा! अडकली, तर दोन्ही बाजूंनी धरायचं, अलगद उचलायचं, जरा पुढं ठेवायचं. मग सुटते.”

“आता ध्यानात ठिवतो.”

रूळ जोडले. गाडी आली, थांबली, सुटली. मास्तरांचे डोळे भरून आले. झुंबरनं उरलेला तिसरा डोळा पुढं केला. “ह्यो कुठं लावू?”

मास्तर हसून म्हणाले, “जिथं गाडी थांबत नाही तिथं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं रेल्वेचे मोठे साहेब जाणार होते. लाइनची पाहणी होती, शेवटच्या डब्यातून, पिंपळढवला न थांबता. मास्तर जुना कोट घालून फलाटाच्या टोकाला उभे राहिले. चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला पुढं जायच्या परवानगीचं टोकन देतात तसं बांबूचं कडं त्यांच्या हातात होतं, आणि कड्यात बाविसावा अर्ज. त्यांच्यासाठी हा शेवटचाच. आज जमलं नाही तर पुन्हा लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, खऱ्या रुळांच्या मधोमध, झुंबर उकिडवा बसला होता. डोळा बसवून झाला होता. त्यावर झाकण नव्हतं. शेजारी सावलीपुरती छत्री धरली होती. इंजिनाच्या पोटाला लावायला मास्तरांच्या अंगणातलं पांढरं धोतर आणलं होतं, आणि वाटीत खळ.

ड्रायव्हरनं हे ध्यान पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबले. झुंबरपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. पिंपळढवला, सहा वर्षांनी!

झुंबरनं दहा मोजले. गाडी सुटली नाही. ड्रायव्हर घाम पुसत बसला होता.

“अडकली!” झुंबर डब्याडब्यातून ओरडत सुटला. “उतरा, उतरा! सगळे खाली उतरा!”

उतरा म्हटल्यावर कोण बसून राहतो? ट्रंका, पोरं, कोंबड्या, सगळं खाली आलं. फलाटावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

शेवटच्या डब्यात साहेब झोपले होते. हिसक्यानं जागे झाले, त्यांनी पडदा सरकवला. बाहेर ही जत्रा. पाटी वाचून ते बरोबरच्या कारकुनावर कडाडले, “इथे प्रवासी आढळत नाहीत, असं कोणी लिहिलं?”

मास्तरांनी हळूच कडं खिडकीतून आत सारलं. साहेबांनी तिथल्या तिथं सही ठोकली. थांबा मंजूर!

कागद उंच धरून, गर्दीतून वाट काढत मास्तर इंजिनाकडे धावले. “झुंबर! अरे झुंबर, मिळाला थांबा!”

झुंबरनं मान वर केली नाही. त्यानं इंजिनाच्या एका अंगाला वीस आणि दुसऱ्या अंगाला एकोणीस प्रवासी उभे केले होते, आणि स्वतः खाली हात घालून वाकला होता.

“मास्तर, कागद खिशात ठिवा. ह्या बाजूला एक मानूस कमी हाय. अन् हळू उचला, वढू नका. रूळ निघत्यात.”