वाऱ्याचा भूप

एका राज्यात वारा मेला होता. पताका काठीला चिकटून राहिल्या होत्या आणि खळ्यांवर मळलेले धान्य तसेच पडून होते. वाऱ्यावाचून ते उफणायचे कसे? दाणा नि भूस एकातएक, चुली थंडगार, लेकरे उपाशी.

हे सारे झाले राजाच्या एका वाक्यापायी. राजा जयकेतू बासरीवर भूप राग असा वाजवी की दरबार डोलू लागे. तो त्याला शिकवला होता व्योमनाथाने, आणि व्योमनाथ होता वाऱ्याला वश करणारा मांत्रिक. त्या देशाची रीत अशी की गुरूचे नाव घ्यायचे, घेताना कानाची पाळी धरायची, मगच वाद्य ओठाला लावायचे. एकदा पाहुण्या राजाने विचारले, हे कोणाकडे शिकलात? व्योमनाथ समोरच बसलेला. पण जयकेतूने मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "आमचे आम्हीच शिकलो."

झाले! व्योमनाथ उठून चालता झाला, त्याच्यामागून वाराही गेला, आणि राजा सिंहासनावर बसल्या जागी दगड झाला.

राजकन्या हेमलेखा रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने मांत्रिकाचा डोंगर गाठला आणि त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "पपईच्या देठावर, बोरूवर आणि वेळूवर भूप वाजवून दाखव. मग बघू."

आता राजकन्येने जन्मात कधी पिपाणीसुद्धा फुंकली नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी भागू नावाची म्हातारी शेळ्या राखी. तिने पपईचा देठ चिरून दिला. हेमलेखेने गाल फुगवून असा काही आवाज काढला की शेळ्या चौखूर उधळल्या. भागू पोट धरधरून हसली, मग त्याच पोटावर हात ठेवून तिने दाखवले की फुंक इथून यायला हवी. स्वतःच्या वाटणीची अर्धी भाकर तिने रोज या पोरीला दिली.

बोरू शिकवला साळुंकीने. तिथल्या साळुंक्या बोलत, त्यात नवल ते काय? भूपात मध्यम हा सूर नाही, पण नवशिक्याचे बोट गंधारावरून हटकून मध्यमावर घसरते. घसरले की साळुंकी टोच मारी. बोटे लाल झाली, पण शेवटी वाट चुकेनाशी झाली.

वेळूला भोके पाडली काळ्या भुंग्याने. वर तो बिचारा तिच्या कानाशी षड्ज धरून गुणगुणत राहिला, तिचा सूर पक्का होईपर्यंत हलला नाही.

अखेर ती डोंगरावर परतली. खालच्या गावातून लेकरांचे रडणे ऐकू येत होते. तिने घाईघाईने देठ ओठाला लावला, मग बोरू, मग वेळू. तिन्हींवर भूप उमटला, कुठे रेसभर उणा नाही. पण गवताचे पाते हलेल तर शपथ!

व्योमनाथ म्हणाला, "सूर चोख आहेत. तुझ्या बापाचेही होते."

हेमलेखेला भागूची भाकर आठवली, बोटांवरचे टोचे दिसले, कानात भुंगा गुणगुणला. आणि तिने मेलीने एकाचेही नाव घेतले नव्हते! लाजेने तिला डोळे वर करवेनात. बासरी खाली ठेवून तिने कानाची पाळी धरली. "शेळ्या राखणाऱ्या भागूने मला फुंक दिली. साळुंकीने वाट दिली. भुंग्याने सूर दिला. त्यांच्या कृपेने वाजवते." मग तिने दुसऱ्या हाताने दुसरा कान धरला. "आणि हा कान माझ्या वडिलांच्या वतीने. त्यांचे गुरू व्योमनाथ. त्यांनी दिले म्हणून आमच्या घरात भूप आला."

ते नाव त्या घराण्याच्या तोंडून मांत्रिकाने प्रथमच ऐकले. त्याचे डोळे भरून आले. "वाजव, बाळ," तो म्हणाला.

तिने वेळू उचलला. पहिल्या षड्जालाच तिची बट कपाळावरून उडाली. मग गवत लवले, पताका फडफडल्या, आणि खाली खळ्यांवर बायकांनी सुपे उचलली. भूस उडाले, दाण्याच्या राशी पडल्या, संध्याकाळी घरोघर चुली पेटल्या.

दरबारात दगडी राजाचा हात हलला. एरवी तो आधी मुकुट सावरायला गेला असता, पण आज थेट कानाच्या पाळीकडे गेला.

म्हणतात की त्या मुलखातल्या बायका अजूनही आधी कान धरतात, भागूचे नाव घेतात आणि मगच धान्य वाऱ्यावर धरतात.